नाउसाची क्सिनोमाव्रो: पहिल्या बाटलीपासून थेट गावापर्यंत

ग्रीसची वाईन म्हटली की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सांतोरिनी येतं. निळा समुद्र, पांढरी घरं आणि असिर्तिको द्राक्षाची थंडगार व्हाइट वाईन. पण त्याच देशाच्या उत्तरेला, समुद्रापासून दूर एका डोंगरउतारावर, अगदी वेगळ्या स्वभावाची रेड वाईन तयार होते. गावाचं नाव नाउसा आणि द्राक्षाचं क्सिनोमाव्रो. ग्रीसमधल्या लाल जातींत मी हिला सगळ्यांत वरचं स्थान देतो. आणि तरीही नवखा माणूस पहिल्याच ग्लासनंतर जिच्याकडे पाठ फिरवतो, अशीही हीच जात आहे.

याचं कारण तिच्या घडणीत आहे. ही वाईन आंबट आहे, तुरट आहे, रंगानं फिकी आहे. रिकाम्या पोटी, उकाड्यात, आणि बाटली उघडल्या उघडल्या प्यायली तर ती कठोरच लागणार. तीच बाटली योग्य वयाची निवडली, थोडी थंड केली, तासभर मोकळी ठेवली आणि शेजारी मटणाचं ताट असलं, की तिच्यात टोमॅटो, ऑलिव्ह, सुकं अंजीर, मसाले असे थर एकामागून एक उलगडत जातात. हे सगळं जुळवून कसं आणायचं, ते पुढे क्रमानं सांगतो.

पायरी 1: आधी नकाशा उघडा

ग्रीसमध्ये नाउसा नावाची दोन ठिकाणं आहेत. एक पारोस बेटावरचं बंदर, जिथं पर्यटकांची रीघ असते. दुसरं आपलं नाउसा, ग्रीसच्या मॅसेडोनिया प्रांतात, इमाथिया जिल्ह्यात, थेसालोनिकीच्या पश्चिमेला साधारण 90 किलोमीटरवर. इंटरनेटवर हॉटेल किंवा गाडी शोधताना हे दोन्ही सरमिसळ होऊन येतात, म्हणून बुकिंग करण्याआधी शेजारी ‘इमाथिया’ किंवा ‘वेरिया’ (जवळचं मोठं शहर) ही नावं दिसतात का, ते बघून घ्या.

गाव वेर्मियो डोंगराच्या पूर्व पायथ्याशी आहे. डोंगराचा माथा 2,000 मीटरच्या वर जातो आणि हिवाळ्यात बर्फानं झाकला जातो. द्राक्षबागा खालच्या उतारावर, साधारण 150 ते 350 मीटर उंचीवर. डोंगर वायव्येकडचे गार वारे अडवतो, सकाळचं ऊन उतारावर थेट पडतं, आणि बागांच्या खालच्या मैदानात पीच, सफरचंद, चेरी यांच्या वाड्या पसरलेल्या आहेत. म्हणजे ग्रीस म्हटल्यावर जो रखरखीत, खडकाळ देखावा मनात येतो तो इथं नाही. इथं पाणी आहे, चिकणमातीची खोल जमीन आहे, हिरवाई आहे. अरापित्सा नदी गावातूनच वाहते.

ही हिरवाई वाईनमध्येही उतरते. उन्हाळा गरम असतो, पण दक्षिणेसारखा भाजून काढणारा नसतो, त्यामुळे द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. तोटा असा की शरद ऋतूत पाऊस येऊ शकतो, आणि क्सिनोमाव्रो नेमकी तेव्हाच तोडणीला आलेली असते.

पायरी 2: द्राक्षाचा स्वभाव ओळखून घ्या

ही पायरी घाईनं ओलांडू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

क्सिनोमाव्रो उशिरा पिकते. तोडणी साधारण सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते आणि ऑक्टोबरात जाते. नाशिककडचा बागाईतदार ज्या दिवसांत ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत असतो, त्याच दिवसांत नाउसातला शेतकरी घड उतरवत असतो. तिथं छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात; वेल थंडीत पूर्ण झोपते आणि वसंतात फुटते. एकच हंगाम, एकच पीक, आणि तेही पावसाच्या तोंडावर. म्हणून इथं साल बघून बाटली घ्यायला अर्थ आहे. एकाच शेतकऱ्याच्या दोन लागोपाठच्या सालांत मोठा फरक पडू शकतो.

वेल जोमदार आहे. मोकळी सोडली तर भरपूर घड धरते, आणि मग रस पातळ, आंबट, बेचव होतो. चांगले शेतकरी उन्हाळ्यात कितीतरी कच्चे घड स्वतःच्या हातानं खाली पाडतात, म्हणजे उरलेले नीट पिकतील. मणी कुजण्याचा रोगही हिला सहज लागतो, त्यामुळे पानं काढून घडांभोवती हवा खेळती ठेवावी लागते. आणि उलट बाजूनं पाणी फार कमी पडलं तरी वेल अडते, पिकणं थांबवते. द्राक्ष पिकवणाऱ्या कुणालाही हे वाचून कळेल की ही जात सांभाळणं किती कष्टाचं आहे. बाटलीची किंमत बघताना हे कष्ट लक्षात ठेवावेत.

आता ग्लासात काय दिसतं ते. या द्राक्षात रंगद्रव्य कमी आणि तेही लवकर बदलणारं. त्यामुळे वाईन गडद जांभळी नसते, माणकासारखी पारदर्शक लाल असते, आणि चार-पाच वर्षांतच तिच्या कडेला विटकरी छटा येते. नवख्याला वाटतं की वाईन जुनी झाली, खराब झाली. तसं काही नसतं. रंग आधी म्हातारा होतो. चव अजून तरुण, कधी कधी तर फारच तरुण असते.

वासात टोमॅटो हमखास भेटतो. ताजा नाही, उन्हात वाळवलेल्या टोमॅटोचा. त्याबरोबर स्ट्रॉबेरी, काळं ऑलिव्ह, जरा वय झालं की सुकं अंजीर, तंबाखू, चामडं, दालचिनी-लवंगेच्या जवळचा एखादा वास. जिभेवर येतो तो आंबटपणा, आणि त्याच्या मागोमाग टॅनिन. टॅनिन म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी, खरखरीत होते ती तुरट चव. रेड वाईनला टिकाऊपणा देण्यात या तुरटपणाचा आणि आंबटपणाचा मोठा वाटा असतो. क्सिनोमाव्रोमध्ये दोन्ही भरपूर, म्हणून चांगली नाउसा दहा-पंधरा वर्षं सहज टिकते, आणि उत्तम सालाची त्याहूनही पुढे जाते.

वाईन पिणारे लोक हिची तुलना इटलीतली बारोलो ही रेड वाईन ज्यापासून होते त्या नेब्बिओलो द्राक्षाशी करतात. फिका रंग, जबरदस्त टॅनिन, उशिरा पिकणं, वयानुसार खुलणं हे सगळं दोन्हींत सारखं आहे. दोन्ही जातींचं नातं मात्र नाही, आणि टोमॅटो-ऑलिव्हची ती खारट-आंबट बाजू क्सिनोमाव्रोची स्वतःची आहे. बारोलो आवडत असेल तर नाउसा आवडण्याची शक्यता खूप, आणि किंमत बहुधा बरीच कमी.

पायरी 3: थोडा इतिहास, म्हणजे नावं ओळखीची होतील

नाउसाची वाईन उस्मानी राजवटीतही नावाजलेली होती. 1879 साली इथं बुटारी घराण्यानं आपला वाईनचा व्यवसाय सुरू केला, आणि पुढची कित्येक दशकं नाउसा आणि बुटारी ही नावं एकत्रच घेतली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं इथल्या बागा झोपवल्या, मग युद्धं आली. लोक वेली उपटून फळझाडांकडे वळले. खालच्या मैदानातल्या पीचच्या वाड्या बघताना हेही आठवावं की त्या पिकाशी द्राक्षाची आजही स्पर्धा आहे.

पुनरुज्जीवन 1960च्या दशकात सुरू झालं. यात यानिस बुटारिस यांचा वाटा मोठा. त्यांनी यानाकोहोरी नावाच्या उंच जागी नव्यानं क्सिनोमाव्रो लावली, आणि 1997 मध्ये घरच्या कंपनीतून बाहेर पडून ‘कीर-यानी’ ही स्वतःची वायनरी उभी केली. हेच बुटारिस पुढे 2011 ते 2019 या काळात थेसालोनिकीचे महापौर होते. 2024 मध्ये ते गेले. आज ग्रीसबाहेर नाउसाचं नाव घेतलं जातं, त्यात या माणसाच्या जिद्दीचा हिस्सा आहे, असं मी मनापासून मानतो.

1971 मध्ये नाउसाला कायद्यानं संरक्षित नाव मिळालं. ग्रीसमधल्या अगदी सुरुवातीच्या अशा नावांपैकी हे एक. नियम कडक आहे: बाटलीवर संरक्षित नाव म्हणून ‘नाउसा’ लिहायचं तर आतली वाईन शंभर टक्के क्सिनोमाव्रोचीच हवी, आणि लाकडी पिंपात किमान वर्षभर मुरलेली हवी.

पायरी 4: लेबल वाचायला शिका

ग्रीक लिपी बघून बिचकू नका. बहुतेक निर्यातीच्या बाटल्यांवर रोमन लिपीतही मजकूर असतो. गावातल्या दुकानात मात्र कधी फक्त ग्रीक असतं; तेव्हा दुकानदाराला विचारायला चार शब्द पुरतात. ‘इनोस’ म्हणजे वाईन, ‘एरिथ्रोस’ म्हणजे लाल, ‘क्सिरोस’ म्हणजे कोरडी, गोडवा नसलेली. ‘क्तीमा’ म्हणजे स्वतःच्या बागा असलेली वायनरी.

पहिली गोष्ट शोधायची ती संरक्षित नावाची खूण: पी.डी.ओ., किंवा ग्रीकमध्ये पी.ओ.पी. त्याऐवजी पी.जी.आय. मॅसेडोनिया किंवा पी.जी.आय. इमाथिया असं, म्हणजे नुसतं मोठ्या प्रदेशाचं नाव असेल तर नियम सैल असतात. क्सिनोमाव्रोत मर्लो किंवा सिरा या दुसऱ्या लाल जाती मिसळलेल्या असू शकतात, किंवा वाईन लाकडात अजिबात न ठेवलेली असू शकते. ती वाईट नसते. उलट पहिल्या भेटीसाठी कधी कधी तीच सोयीची.

दुसरी गोष्ट साल. तिसरी, जागेचं नाव. नाउसाच्या परिसरात यानाकोहोरी, त्रिलोफोस, रामनिस्ता, फितिया, मारिना, स्तेनिमाहोस अशा जागा वाईनवाल्यांच्या तोंडी असतात. उंची, माती आणि उन्हाच्या कोनानुसार प्रत्येक ठिकाणची वाईन थोडी वेगळी. सुरुवातीला हे पाठ करायची गरज नाही. दोन-तीन बाटल्या झाल्या की मग एकाच वायनरीची साधी नाउसा आणि तिचीच एका बागेची नाउसा शेजारी ठेवून बघा. फरक आपोआप लक्षात राहतो.

आणि शेजारची नावंही ओळखून ठेवा, कारण क्सिनोमाव्रो नाउसापुरती थांबत नाही. वेर्मियोच्या पलीकडच्या बाजूला, पश्चिमेला, तळ्यांच्या मधोमध 600 मीटरच्या आसपास आमिनदेओ आहे. थंड हवा आणि रेताड जमीन, म्हणून तिथली वाईन हलकी आणि सुवासिक. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, आणि फेसाळ वाईनही तिथं क्सिनोमाव्रोचीच होते. त्या रेतीत फिलोक्सेरा फारसा तग धरत नाही, त्यामुळे खुंटावर कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या जुन्या वेली अजून तिथं आहेत. आल्फा क्तीमाची ‘बार्बा यानिस’ नावाची बाग 1919 साली लावलेली आहे आणि आजही फळ देते. उत्तरेला गुमेनिसा, जिथं क्सिनोमाव्रोत नेगोस्का नावाची मऊ जात मिसळतात. आणि दक्षिणेला, थेट ऑलिंपस पर्वताच्या उतारावर, राप्सानी. तिथं क्रासातो आणि स्तावरोतो या दोन जाती सोबत असतात.

पायरी 5: कोणत्या क्रमानं प्यायचं

बहुतेक लोक इथं अडतात. दुकानात जातात, सर्वांत महागडी, ‘रिझर्व्ह’ लिहिलेली तरुण बाटली घेतात, आणि तोंड वाकडं करतात. त्याऐवजी असं करा.

सुरुवात आमिनदेओच्या रोझेनं करा. कीर-यानीची ‘आकाकिएस’ ही त्यातली सहज मिळणारी. टॅनिन जवळजवळ नाही, आंबटपणा आहे, स्ट्रॉबेरी आहे, टोमॅटोची एक हलकी झुळूक आहे. द्राक्षाचा वास इथं न घाबरता ओळखता येतो.

त्यानंतर तरुण वेलींची, लवकर प्यायला केलेली रेड घ्या. त्रिलोफोसचे अपोस्तोलोस थिमिओपुलोस यांनी ‘यंग व्हाइन्स’ नावाची अशी वाईन काढून क्सिनोमाव्रोचा दरवाजा कित्येकांसाठी उघडला. फळाची चव पुढे, तुरटपणा मागे. ही थोडी जास्त थंड, 14 अंशांच्या आसपास प्यायली तरी छान लागते. माझा नवख्यांना आग्रह असतो की रेडमध्ये पहिली बाटली याच धाटणीची घ्या, मग ती कुठल्याही वायनरीची असो.

ती आवडली की मग खरी नाउसा, पण चार ते सहा वर्षं वय झालेली. दालामारा, कारिदा, फुंदी, क्रिसोहोऊ ही घराण्यांच्या वायनऱ्यांची नावं. बुटारी आणि कीर-यानी ही मोठी. कीर-यानीची ‘रामनिस्ता’ ही एका विशिष्ट टेकडीवरची, आणि जातीचा पूर्ण ताठा दाखवणारी. ग्रीसमधल्या दुकानात साधी नाउसा साधारण 10 ते 20 युरोत मिळते, एका बागेची त्याहून वर. युरोपात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना चांगल्या वाईनच्या दुकानात या बाटल्या शोधणं सोपं जाईल.

दहा वर्षांवरची नाउसा शेवटी. घाई नको.

लाकडाबद्दल एक मत सांगून टाकतो. 1990च्या दशकात अनेकांनी नव्या फ्रेंच ओकच्या लहान पिंपांचा मारा केला आणि वाईन व्हॅनिलाच्या वासानं झाकली गेली. आता पुष्कळ शेतकरी मोठ्या, जुन्या पिंपांकडे परतले आहेत. मला ही दिशा योग्य वाटते, कारण या द्राक्षाचा वास नाजूक आहे आणि नव्या लाकडापुढे तो टिकत नाही.

पायरी 6: बाटली उघडण्याआधी आणि नंतर

योग्य तापमान 16 ते 18 अंश. आपल्याकडे खोलीतच 28-30 अंश असतात, त्यामुळे ‘रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची’ हा सल्ला इथं चालत नाही. गरम क्सिनोमाव्रोत अल्कोहोल नाकात जातं आणि आंबटपणा विस्कळीत वाटतो. बाटली सर्व्ह करण्याआधी साधारण तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. फार थंडही नको, कारण थंडीनं तुरटपणा आणखी टोकदार होतो.

ग्लास मोठ्या पोटाचा घ्या आणि तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा.

तरुण नाउसा तासभर, किंवा दोन तासही, आधी उघडून एखाद्या रुंद काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. नुसतं बूच काढून बाटली ठेवल्यानं काही होत नाही. मानेएवढ्या जागेतून हवा आत जातेच किती? भांडं खास वाईनचं नसलं तरी चालेल, स्वच्छ काचेचा जग पुरतो. जुन्या बाटलीचं उलट आहे: आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, मग हलक्या हातानं ओता, गाळ दिसू लागला की थांबा, आणि लगेच प्यायला घ्या. जुनी वाईन फार वेळ उघडी राहिली तर तिचा वास उडतो.

या द्राक्षाच्या बाबतीत एक प्रयोग मुद्दाम करून बघावा. अर्धी बाटली प्या, उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. तरुण क्सिनोमाव्रो दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त चांगली लागते. कडा बोथट होतात, वास मोकळा होतो. असं झालं तर समजा की त्या सालाची दुसरी बाटली मिळाली तर ठेवून देण्यासारखी आहे.

पायरी 7: घोट कसा घ्यायचा

आधी बघा, मग वास घ्या, मग प्या, हे सगळ्याच वाईनचं. क्सिनोमाव्रोसाठी वेगळं एवढंच की पहिल्या घोटावर मत बनवू नका. पहिला घोट जिभेला सवय करून देतो. तो तोंडात फिरवा, गिळा, ब्रेडचा किंवा चीजचा तुकडा खा, आणि मग दुसरा घ्या. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. खाण्यात प्रथिनं, चरबी आणि मीठ असलं की तुरटपणाची धार कमी होते. इथल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, म्हणून नाउसात वाईनसोबत ताटात काहीतरी येतंच.

पायरी 8: ताटात काय

गावात वाईनशेजारी कोकरू, डोंगरातल्या अळंब्या, टोमॅटोच्या रश्शात हळूहळू शिजवलेलं मांस, आणि बात्झोस नावाचं खारट, दाट चीज येतं. बात्झोस तव्यावर परतून खातात. टोमॅटोच्या रश्शाशी ही वाईन इतकी जुळते याचं कारण दोन्हींतला आंबटपणा एकाच पातळीवर असतो. गोडसर, मऊ रेड वाईन टोमॅटोपुढे फिकी पडते, क्सिनोमाव्रो पडत नाही.

आपल्या स्वयंपाकात हिला कुठं बसवायचं? मटण सर्वांत पुढे, पण तिखट कमी असलेलं. मिरचीची आग आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात, त्यामुळे तांबडा रस्सा किंवा सावजी मटणासोबत तरुण नाउसा अजिबात नको. खोबरं-कांद्याच्या वाटणातलं बेताच्या तिखटाचं सुकं मटण, खिमा, तेलावर परतलेल्या अळंब्या, शेंगदाणे-तिळाचं सारण भरलेली वांगी हे सगळं छान जमतं. वांग्याच्या भाजीत टोमॅटो असेल तर आणखी चांगलं. पनीर मखनीसारखी गोडसर भाजी टाळा, गोडव्यापुढे वाईन आणखी आंबट लागते. पापलेट, सुरमई अशा माशांसोबत टॅनिनमुळे तोंडात धातूसारखी चव येऊ शकते. तिथं आमिनदेओची रोझे काढा.

पायरी 9: गावी जायचं तर

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. विमानानं थेसालोनिकी गाठा. अथेन्सला उतरलात तर तिथून रेल्वेनं किंवा देशांतर्गत विमानानं वर या. थेसालोनिकीहून वेरियामार्गे नाउसाला केटेलच्या, म्हणजे तिथल्या शहरांना जोडणाऱ्या बससेवेच्या, बस जातात. रेल्वे स्टेशनही आहे, पण ते खाली मैदानात, गावापासून लांब, हे लक्षात ठेवा. गाडी भाड्यानं घेतलीत तर सव्वा-दीड तासाचा रस्ता आहे. मात्र ग्रीसमध्ये चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, आणि तपासणी होते. दोन वायनऱ्या बघायच्या तर एकानं अजिबात प्यायची नाही असं ठरवा, किंवा टॅक्सी करा. चाखून थुंकायचं भांडं प्रत्येक वायनरीत असतं. ते वापरण्यात कसलाही संकोच नको, वाईनवाले स्वतः तेच करतात.

वायनऱ्यांना आधी फोन किंवा ईमेल करा. कीर-यानीसारख्या मोठ्या जागी पाहुण्यांची व्यवस्था असते, पण बाकी पुष्कळशा घरगुती आहेत. तिथं तुम्हाला वाईन दाखवणारा माणूस हाच सकाळी बागेत होता आणि तोच संध्याकाळी पिंपं धुणार असतो. तोडणीच्या दिवसांत त्यांना वेळ नसतो. एका दिवसात दोन वायनऱ्या पुरे. तिसरीपर्यंत जीभ टॅनिननं थकलेली असते आणि चव कळत नाही. शक्य तर एक मोठी आणि एक घरगुती अशी जोडी ठरवा. आणि निघताना एखादी तरी बाटली विकत घ्या. छोट्या शेतकऱ्याचा अर्धा दिवस आपण घेतलेला असतो.

कधी जावं? मे-जून सर्वांत आरामाचा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वेलींवर काळे घड लटकलेले दिसतात आणि शेतकऱ्यांची धांदल अजून सुरू झालेली नसते. मार्चच्या उत्तरार्धात गेलात तर वेली उघड्या असतील, पण वेरियाच्या मैदानात लाखो पीचची झाडं गुलाबी फुललेली असतात, आणि तेवढ्यासाठीही लोक येतात. कार्निव्हलच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवास सुरू होण्याआधी, नाउसात ‘यानित्सारी आणि बुलेस’ची परंपरा चालते: पांढरे मुखवटे, छातीवर चांदीच्या नाण्यांची झूल, ढोल आणि सनईसारखं झुर्ना, आणि सगळं गाव रस्त्यावर. तेव्हा राहायची जागा फार आधी ठरवावी लागते.

वाईनशिवाय दोन दिवस भरून जातील इतकं आजूबाजूला आहे. गावाजवळच मिएझा, जिथं ॲरिस्टॉटलनं कोवळ्या वयातल्या अलेक्झांडरला शिकवलं ती जागा: झाडी, झरे आणि खडकात कोरलेल्या ओसरीच्या खुणा. इ.स.पू. 343 मध्ये फिलिप राजानं ॲरिस्टॉटलला मुलाचा शिक्षक म्हणून बोलावलं होतं. लेफकादियाला रंगवलेल्या दर्शनी भिंतींच्या मॅसेडोनियन कबरी आहेत. वेर्गिनाला, वेरियाच्या पलीकडे, 1977 मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी राजघराण्याच्या कबरी उघडल्या. ते स्थळ 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि मातीच्या टेकाडाखालचं तिथलं संग्रहालय चुकवू नये. नाउसा गावात अरापित्साच्या काठी 1822च्या संहाराचं स्मारक आहे. उस्मानी सैन्यानं बंड मोडून गाव जाळलं तेव्हा शत्रूच्या हाती लागण्याऐवजी अनेक बायकांनी मुलांसह या नदीत उड्या घेतल्या. जौहराच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाचे पाय तिथं थबकतात.

पायरी 10: बाटल्या घरी आणणं आणि ठेवणं

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर थोडी जागा. हातातल्या सामानात त्या चालणार नाहीत. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा, किंवा वायनरीतून फुगवलेल्या प्लास्टिकची पिशवी मागून घ्या.

दोनच आणायच्या तर निवड अशी करा: एक आता पिण्याजोगी, सहा-सात वर्षं वयाची; आणि एक तरुण, चांगल्या सालाची, साठवायला. दुसरीसाठी घरात खरोखर थंड जागा हवी. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटातल्या बाटलीचं बूच वर येतं आणि वाईन शिजल्यासारखी होते, मग दहा वर्षांचं वय मिळण्याचा प्रश्नच येत नाही. 12 ते 14 अंशांना चालणारा वाईनचा छोटा फ्रिज असेल तर बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील, आणि लेबलावर उघडायचं साल पेन्सिलीनं लिहून ठेवा. असा फ्रिज नसेल तर साठवणीच्या फंदात पडू नका. दोन्ही बाटल्या वय झालेल्या आणा आणि पुढचा उन्हाळा येण्याआधी उघडा.